चोरांचे हितचिंतक

उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या टाचणीलाही हात न लावलेला माणूस चोरांच्या सिनेमात हटकून चोरांच्या बाजूने असतो. त्यातून तो बँकेचा निवृत्त कॅशियर असला, तर बघायलाच नको. आमच्या सोसायटीत असे एक काका आहेत; तुमच्याही असतील. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त दिले म्हणून भर उन्हात पुन्हा जिने उतरणारे हे गृहस्थ, पडद्यावरची तिजोरी उघडेना की कासावीस होतात आणि पोलिसांची गाडी दिसली की "आले कडमडायला!" म्हणून करवादतात.

साधा पाकीटमार त्यांना चालत नाही, चाकू दाखवणारा तर मुळीच नाही. चोर कसा हवा, तर इस्त्रीच्या कपड्यातला, गोड बोलणारा आणि वेळेवर येणारा. 'ओशन्स इलेव्हन'मधल्या जॉर्ज क्लूनीच्या टोळीवर त्यांचा जीव आहे, तो लास व्हेगासच्या झगमगाटामुळे नव्हे. अकरा माणसं मीटिंगला बोलावली आणि अकराही आली, याचं त्यांना कोण कौतुक! आमची वार्षिक सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाल्याशिवाय सुरूच होत नाही.

कौतुक असलं तरी तपासणी सुटत नाही. त्या टोळीची लूट सोळा कोटी डॉलर, सगळ्या शंभराच्या नोटा धरल्या तरी 16 लाख नोटा. डॉलरची नोट साधारण एक ग्रॅमची. म्हणजे झाले 1600 किलो! "आणि हे पिशव्या खांद्यावर टाकून चालत बाहेर पडतात? अहो, आमच्याकडे दहाच्या नोटांची एक पेटी हलवायला दोन शिपाई लागायचे." हे सगळं ऐन रंगात आलेल्या प्रसंगी शेजारच्याला सांगायचं असतं. शेजारी बहुधा मी असतो.

1969च्या 'द इटालियन जॉब'ने तर त्यांची झोप उडवली. लुटलेलं सोनं घेऊन निघालेली बस आल्प्सच्या कड्यावर अर्धी लटकते, सोनं मागच्या टोकाला, चोर पुढच्या, आणि सिनेमा संपतो! हिशेब जुळलेला नसताना काउंटर बंद? ते सोनं कसं सोडवावं यासाठी ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2008 मध्ये चक्क स्पर्धा ठेवली होती. आपली प्रवेशिका राहिली, ही काकांची जन्माची खंत.

पण त्यांचा खरा हळवा कोपरा गिरगावाजवळच्या ऑपेरा हाउसचा. मार्च 1987 मध्ये एका भामट्याने पेपरात जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, 26 जणांना सरकारी अधिकारी म्हणून नेमलं, त्यांना घेऊन तिथल्या नामवंत जवाहिऱ्याकडे सीबीआयची 'धाड' घातली आणि दागिने घेऊन पसार झाला. 'स्पेशल 26' हा सिनेमा त्यावरूनच निघाला. ना गोळी, ना आरडाओरडा. "पिशव्यांना सीलसुद्धा लावलं हो! बनावट होतं, पण रीतसर होतं."

"आणि नोकरी लागली म्हणून आलेल्या त्या सव्वीस पोरांचं काय?" काकूंनी आतून विचारलं. काकांनी चष्मा पुसायला घेतला. गोड चोराने लुटलेला माणूस खडूसच असावा, ही सोय दिग्दर्शक आधीच करून ठेवतो. काकू मात्र ती करू देत नाहीत.

परवा त्यांना खराखुरा चोर फोनवर भेटला. खातं आज रात्री बंद होणार, ओटीपी सांगा. काकांनी शांतपणे विचारलं, शाखा कुठली? आयएफएससी कोड? तुझा साहेब कोण? पोरगं त-त-प-प करायला लागलं. "अरे, माझं खातं कुठल्या बँकेत आहे, ते तरी आधी बघायचं! वही घे, लिहून घे." मग आधी टेहळणी कशी करावी, माणसं कशी निवडावीत, आवाजात अदब कशी हवी, सगळं सविस्तर झालं. शेवटी चोरानेच फोन ठेवला.

"चिकाटी नाही हो नव्या पोरांत," काका म्हणाले आणि तक्रार नोंदवायला त्यांनी सायबर हेल्पलाइनचा 1930 फिरवला.