माननीय पेटीवाले साहेब, झाकणाला भोके पाडा



आपल्या मधपेट्या पोहोचल्या. रंग सुरेख, कोपरे चोख, फट औषधालाही नाही. खाली माशांना दार तेवढे ठेवलेत, हा आपला मोठेपणा.

जाळीचा तळपाट आणि हवेशीर झाकण आपण दरपत्रकात ‘ऐच्छिक साधने’ म्हणून वेगळ्या किमतीला लावलेत. आम्हा मधपाळांच्या इच्छेचा इतका मान आजवर कुणी राखला नव्हता. साहेब, माशांना मात्र कुणी विचारले नाही.

पिलाव्याला 34-35 अंश सेल्सिअसची ऊब लागते. त्याच्या फार वर पारा गेला की मेण मऊ होते, भरलेले पोळे चौकटीतून ओघळते. आपल्या पत्र्याच्या छपराखाली एप्रिलमध्ये हे टाळायला कामकरी माशा मकरंद सोडून पाणी वाहतात आणि उरलेल्या दारात पंख हलवत उभ्या राहतात. फुलोऱ्याचे दिवस असे दारात गेले, त्याबद्दल आभारी आहोत.

आपण परदेशी मेलिफेरा माशीची पेटी समोर ठेवून ही बेतलीत, असे दिसते. मेलिफेरा दारात तोंड आत करून उभी राहते आणि आतली हवा बाहेर ओढते. आमची देशी सातेरी तोंड बाहेर करते आणि बाहेरची हवा आत ढकलते. आत ढकललेली हवा ओल घेऊन वर चढते. वर आपले भक्कम झाकण! सातेरीच्या दारापाशी घटकाभर बसला असतात, तर वरची वाट ऐच्छिक म्हणायला आपली जीभ रेटली नसती.

पावसाळ्यात ती ओल त्याच झाकणाला आतून धरते आणि तिचे पाणी पोळ्यांवर ठिबकते. कडेच्या पोळ्यांना बुरशी धरते. मकरंदातले पाणी उडत नाही, आणि मधात ते 20 टक्क्यांवर राहिले की मध आंबतो. गिऱ्हाईक बाटली परत आणते तेव्हा बोलणी आम्ही खातो. तिथे आपले नाव येऊ देत नाही, एवढी आमची सेवा गोड मानून घ्यावी.

सातेरीला जाच सोसत नाही, ती घर टाकून जाते. काही वसाहती गेल्याच. पेट्या जागेवर आहेत, एक खिळाही ढिला नाही.

गिरमिटाने झाकणाच्या दोन बाजूंना भोके पाडायची, मेणपतंग शिरू नये म्हणून आतून बारीक तारेची जाळी ठोकायची, छपराला पागोळीपुरती पुढे कड ठेवायची. एवढ्याची वेगळी किंमत घेणे आपल्याला शोभत नाही. दिलेल्या पेट्यांची झाकणे पावसाआधी बदलून द्या आणि पुढच्या दरपत्रकातून ‘ऐच्छिक’ हा शब्द काढा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मधपाळ