ऋण काढून विमानतळ

विकास कसा करावा हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी श्रीलंकेतल्या हंबनटोटा जिल्ह्यात जावं. विमानाचं तिकीट मात्र शोधू नये. तिथे विमानतळ आहे, विमानं फारशी नाहीत.

मत्तलाचा हा विमानतळ 2013 मध्ये सुरू झाला. वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय, साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, खर्च वीस कोटी डॉलरच्या वर, त्यातले बहुतेक चीनकडून उसने. जागा निवडली ती नेमकी हत्तींच्या मुलखात. हत्तींनी हरकत नोंदवली नाही, ते नुसते येत राहिले. शेवटी 2016 मध्ये तीनशेहून अधिक सैनिक आणि पोलीस फटाके घेऊन निघाले आणि हरणं, रानरेडे, हत्ती यांना हुसकावून आले. त्याआधीच तिथल्या मालगोदामात भात साठवायचं ठरलं होतं. भाताच्या पोत्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, हे काय थोडं झालं?

विमानतळ झाला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे याच जिल्ह्याचे. म्हणून विमानतळाला नाव राजपक्षे, हंबनटोटाच्या बंदराला नाव राजपक्षे, सूरियवेवाच्या क्रिकेट मैदानालाही नाव राजपक्षे. आपल्याकडे पुढाऱ्याचं नाव चौकाला देतात. चौकात निदान माणसं तरी असतात. बंदर पुढे 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं.

गंमत म्हणजे या देशाने खरी कामं कधीच उरकली होती. शिक्षण 1940च्या दशकातच फुकट, सरकारी दवाखाने फुकट, साक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर, बाळंतपणात दगावणाऱ्या बायका शेजारच्या देशांपेक्षा कितीतरी कमी. पण यात फीत कुठे कापणार? बाळंतीण सुखरूप घरी गेली, याची कोनशिला बसवता येत नाही.

मग महिंदांचे धाकटे बंधू गोताबाया राष्ट्राध्यक्ष म्हणून आले. 2021 मध्ये त्यांनी रासायनिक खतांची आयात बंद केली आणि अख्खा देश एका फटक्यात सेंद्रिय झाला. डॉलर वाचणार होते. भाताचं पीक घटलं, चहाही घटला, आणि तांदूळ बाहेरून आणायला पुन्हा डॉलरच लागले. मार्च 2022 मध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण छापायला कागद नव्हता. एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले.

जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात घुसले. साहेब आधीच निसटले होते. पेट्रोलसाठी, गॅससाठी, दूध पावडरसाठी महिनोन्महिने ताटकळलेली ती माणसं तिथल्या पोहण्याच्या तलावात उतरली. रांग न लावता वापरायला मिळालेली सरकारी सोय, बऱ्याच दिवसांनी.