आधी मोजा, मग बोला

सांडपाणी नदीत सोडलं की ते पातळ होतं, पुढे समुद्र आहेच. कारखानदारीचा हा जुना हिशेब. बऱ्याचशा घाणीच्या बाबतीत तो निम्मा तरी खरा ठरतो. जिवाणू थोडं खातात, ऊन थोडं जाळतं. पीफास नावाच्या रसायनांना मात्र दोघेही हात लावत नाहीत.

पीफास हे हजारो रसायनांचं कुटुंब. नॉनस्टिक तव्यापासून पावसाळी जॅकेटपर्यंत आणि आग विझवण्याच्या फेसापासून खाऊच्या तेल न शोषणाऱ्या कागदापर्यंत ते सगळीकडे आहे. यातला कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. म्हणून ही रसायनं टिकाऊ. म्हणूनच मातीत आणि पाण्यातही टिकाऊ.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पीफास तर मरतच नाही!

पाणी उकळून प्यायलं तर? उपयोग नाही. वाफ उडून जाते, पीफास भांड्यातच राहतं.

यातली काही मोठी रसायनं तुटतात, हे खरं. पण तुटून उरतं काय? बाजूचा नाजूक भाग झडतो, फ्लोरिन जोडलेली कार्बनची साखळी तशीच राहते आणि त्यातून पीएफओएसारखं याच कुटुंबातलं आणखी चिवट रसायन तयार होतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत आत शिरलं त्याहून जास्त पीएफओए बाहेर पडल्याचं अनेक ठिकाणी मोजलं गेलं आहे. जिथे शुद्धीकरण व्हायचं, तिथेच भर पडली.

पीएफओए चरबीत साठत नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं. शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला दोन ते चार वर्षं लागतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ड्युपाँटच्या कारखान्याभोवती राहणाऱ्या हजारो लोकांची तपासणी झाली. शास्त्रज्ञांच्या समितीला मूत्रपिंड आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार अशा सहा आजारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध आढळला. कारखाना तोवर अनेक दशकं चालला होता.

मग उद्योगाने पीएफओएसारखी लांब साखळीची रसायनं सोडून आखूड साखळीची धरली. ती शरीरातून लवकर जातात. पण पाण्याबरोबर वेगाने पसरतात, कोळशाच्या गाळणीत कमी अडकतात आणि पालेभाजीच्या पानांत जास्त चढतात. याला सुटका म्हणायचं?

प्रमाण किती असलं तर काळजी करायची? अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओएची मर्यादा ठरवली: लिटरमागे 4 नॅनोग्रॅम. गणित करून पाहा. एक ग्रॅम पीएफओए 25 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेवर नेऊन ठेवतं.

एक ग्रॅम.

उत्तर इटलीत, विचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना हीच रसायनं बनवत असे. त्याने भूजल नासलं. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने 11 अधिकाऱ्यांना मिळून 141 वर्षांची कैद सुनावली.

आणि यंत्रं? ती एका भारतीय कंपनीने विकत घेतली. आज ती रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आहेत.

कंपनी म्हणते, आम्ही नियम पाळतो. पाळत असेलही. पण भारतात पिण्याच्या पाण्यातल्या पीफाससाठी सक्तीची मर्यादाच नाही. जो नियम लिहिलेलाच नाही, तो पाळला की मोडला हे ठरवायचं कोणी?

लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं. खाडीत मासे मेले की मच्छीमार आवाज उठवतात, अधिकारी येतात, नमुने घेतात. पीएच, बीओडी, सीओडी हे पाण्याचे नेहमीचे निकष तपासले जातात. या चाचण्यांत पीफास दिसतच नाही. इतक्या सूक्ष्म प्रमाणात मासाही मरून वर येत नाही. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

म्हणजे तक्रार करायची तर पुरावा हवा. पुरावा हवा तर मोजमाप हवं. आणि मोजायचं तर आत्ताच. इटलीत दशकं गेल्यावर मोजलं, तेव्हा ते रसायन लोकांच्या रक्तात पोचलं होतं.

रोजगार नको, असं कोकणात कोणी म्हणत नाही. पण कोणती फ्लोरिनची रसायनं बनतात याची यादी जाहीर करणं, सांडपाण्यात त्यांची थेट तपासणी करणं आणि आकडे लोकांसमोर ठेवणं, यात उद्योगाविरुद्ध काय आहे?

खेड आणि चिपळूण तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव करावा आणि आपल्या विहिरी, नळपाणी योजना व खाडी यांची पीफाससाठी तपासणी मागावी. आजचा आकडा हातात नसेल, तर उद्या कोणालाच जबाबदार धरता येणार नाही.