सहा मीटर कुठून आणायचे?

पोर्टेबल जनरेटर हे हातात धरून कुठेही नेता येते असे दुकानात सांगितले जाणारे आणि दोघांनी धरल्याशिवाय चाळीचा जिना न चढणारे यंत्र आहे. त्यातले छोटे पेट्रोल इंजिन अल्टरनेटर फिरवते आणि अल्टरनेटर २३० व्होल्टची वीज देतो. घरगुती यंत्राची क्षमता साधारण एक ते तीन केव्हीए असते. तेवढ्यावर दिवे, पंखे, टीव्ही चालतात. फ्रिजही चालतो, मात्र त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, हे हिशेबात धरावे लागते. छोट्या यंत्रावर गीझर चालत नाही. लिफ्ट तर नाहीच. या मुद्द्यावर सोसायटीच्या सभेत मतदान घेऊन उपयोग नसतो.

कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मुंबई शहरात हे यंत्र का घेतले जाते, हा वेगळा विषय आहे. येथे वीज बेस्ट पुरवते आणि ती सहसा जात नाही. उरलेला महाराष्ट्र वर्षानुवर्षे भारनियमन सोसत होता तेव्हा गिरगावातून गावी फोन जायचे आणि ‘तुमच्याकडे अजून लाइट जाते?’ अशी आपुलकीची चौकशी व्हायची. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ही चौकशी उलट दिशेने होऊ लागली. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांवर बिघाड झाला. बाहेरची ग्रीड कोसळली तर मुंबईला अलग काढून स्वतःच्या विजेवर तगवायची आयलंडिंग नावाची व्यवस्था आहे, तीही त्या दिवशी तगली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या. पुढे २७ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी सकाळी दक्षिण आणि मध्य मुंबईची वीज पुन्हा गेली आणि तासाभरात आली. दीड वर्षाच्या आत दोनदा! लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात चौकशीला जायला एवढे कारण पुरेसे होते.

यंत्र घरी आल्यावर पहिला प्रश्न जागेचा. नियम असा की जनरेटर कायम उघड्यावर, कोणत्याही दारा-खिडकीपासून किमान सहा मीटर दूर आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला करून चालवावा. हा नियम अंगण असलेल्या माणसांनी केला आहे. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिचा कर्णसुद्धा सहा मीटर भरत नाही. गॅलरी सामाईक असते, म्हणजे एकाच्या दारापासून दूर सरकवलेला जनरेटर दुसऱ्याच्या दारात जातो आणि तिथून भांडणात. जिन्याखाली जागा असते, पण तिथे बहुधा मीटर आणि दोन मोडक्या सायकली असतात, वर जिना हा सर्वांचा बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता. चारी बाजूंनी इमारत असलेला चौक वरून उघडा दिसतो, तरी खाली सोडलेला धूर मजल्यामजल्यावरच्या खिडक्यांना भेट देतच वर जातो. कौलारू छपरावर यंत्र बसत नाही. गच्ची असेल तर ती बरी. तिची किल्ली कोणाकडे असते हे मात्र लाइट असतानाच शोधून ठेवावे. हिंदमाताच्या आसपास तळमजल्याचा विचारच करू नये. तिथे वीज जाते ती बरेचदा पाणी भरल्यावर, आणि ओल्या जागी, ओल्या हातांनी जनरेटर चालवणे म्हणजे शॉकला आमंत्रण.

सहा मीटरांचा एवढा आग्रह आवाजासाठी नाही. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ती हे यंत्र सहज ओलांडते, पण आवाज ऐकू येतो, त्यावर शेजारी बोलतात, प्रश्न सुटतो. खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. वजनाने तो जवळजवळ हवेएवढाच, त्यामुळे वर किंवा खाली न जाता खोलीभर पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझरने माणसे दगावतात ती याच वायूने. खिडकी उघडी ठेवली किंवा टेबल फॅन लावला म्हणून घरात जनरेटर चालवता येत नाही.

या विषबाधेची पहिली लक्षणे डोके दुखणे, मळमळ आणि गरगरणे. दादर-गिरगावात या तिन्हींचे निदान ‘पित्त’ असे होते आणि कोकम सरबत पुढे येते. पित्त एका वेळी एका माणसाला होते. आजोबा, सूनबाई आणि समोरच्या बिऱ्हाडातले दोघे यांना एकाच अर्ध्या तासात झाले, तर सरबत ठेवून सर्वांनी खाली रस्त्यावर जावे.

जोडणीत जाणकार लागतो आणि जाणकार तर प्रत्येक मजल्यावर असतो. गणपतीत मंडळाच्या जनरेटरवाल्यासाठी एकदा बॅटरी धरलेली असली की लालबागेत एवढी पात्रता पुरते. हा जाणकार दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवतो. एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या प्लगला, आणि घरभर लाइट. ही वायर चुकून उपसली तर पिना उघड्या आणि जिवंत राहतात. त्याहून वाईट म्हणजे वीज घरात थांबत नाही. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे २३० करतो, तोच उलट दिशेने २३० चे ११ हजार करू शकतो. शहरात बेस्टच्या केबल जमिनीखाली आहेत. लाइन बंद आहे असे समजून खड्ड्यात उतरलेला कामगार त्या केबलला हात लावतो. शिवाय बेस्टचा पुरवठा मध्येच परत आला तर दोन विजांची टक्कर होऊन जनरेटर जळतो, हे ऐकले की जाणकार प्रथमच गंभीर होतो. यावर उपाय चेंजओव्हर स्विच. घराला एका वेळी एकतर बेस्ट मिळेल किंवा जनरेटर, दोन्ही कधीच नाही. तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. हा स्विच नसेल तर फ्रिजची वायर थेट जनरेटरच्या सॉकेटला, जाड तीनपिनी एक्स्टेन्शनने जोडावी. एक्स्टेन्शनचे वेटोळे पूर्ण उलगडावे. गुंडाळलेली वायर तापते. ती गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर टाकू नये.

पेट्रोलबाबत कायदा अनपेक्षितपणे उदार आहे. विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवे, काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. पाण्याची प्लास्टिकची रिकामी बाटली यात बसत नाही. पण माळ्यावर सापडते ती नेमकी तीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते आणि समई, मेणबत्ती किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत स्वतःहून पोचते. इंधन भरण्याआधी इंजिन बंद करून गार होऊ द्यावे. त्या वेळी अंधार असतो म्हणून कोणीतरी मदतीला मेणबत्ती घेऊन येतो. त्याला परत पाठवावे.

एवढे सगळे सांभाळून वर्षातून एखादा तास पंखा चालवायचा, तर इन्व्हर्टर बरा. त्याला धूर नाही आणि पेट्रोल लागत नाही; साधी लेड-अॅसिड बॅटरी असेल तर तेवढी मोकळ्या हवेत ठेवावी लागते. दोष एकच. तो आवाज करत नाही, त्यामुळे आपल्याकडे लाइट आहे हे शेजाऱ्यांना मुद्दाम सांगावे लागते. ज्यांना लिफ्ट आणि पंप चालवायचा आहे त्यांनी सोसायटीचा एकच मोठा सेट, रीतसर, आवाजबंद पेटीत बसवावा.

तरीही कोणी गॅलरीत जनरेटर चालवलाच आणि धूर अंगात गेल्याचा संशय आला, तर माणसाला लगेच उघड्यावर आणावे आणि १०८ ला फोन करावा किंवा परळचे केईएम गाठावे. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात जनरेटरचे सांगावे. करोनापासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत फरक करू शकत नाही. माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवतो. तो आकडा पाहून कोणीही घरी थांबू नये.