भारनियमन चिरायू होवो

बीड जिल्ह्यात हौशी रेडिओ चालवायचा तर तीन गोष्टी लागतात: परीक्षा, केंद्र सरकारचा परवाना आणि शेजाऱ्यांची कृपा. पहिल्या दोन मिळतात.

संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर जपानचा क्षीण आवाज शोधावा, तर शेजारचा स्वस्तातला एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर मिळून अखंड भजन लावतात. आयनांबरावरून टप्पे घेत हजारो किलोमीटर आलेली लहर शेवटच्या गल्लीत गारद होते.

उपाय एकच, वीज जाणे. जिल्हा महावितरणला शिव्या घालत असतो, तेव्हा हौशी रेडिओवाला बॅटरी जोडून, कानाला हेडफोन लावून धन्य होतो. २०१३च्या दुष्काळात पाण्यावाचून जिल्ह्यातलेच परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद पडले. तेव्हा याला आशा वाटली असणार. पण वीज दुसरीकडून आली, खरखरही आली.

१९९३ साली शेजारच्या जिल्ह्यातल्या किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा निरोप पोचवायला हौशी रेडिओवालेही धावले होते. पुढच्या संकटातही ते धावतील. फक्त निरोप सांगण्यापूर्वी कृपया चार्जर काढून ठेवा.