सगोत्र स्पेअर पार्ट

पद्मिनी गाडीचं इंजिन बांधायला काढलेले बापू लांबूनही ओळखू येतात. खिशात पेनाऐवजी फीलर गेज, नखांत ऑइल, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगणं चालू, "हेड चौसष्टच्या डिलाइटचं, ब्लॉक ब्याऐंशीच्या पद्मिनीचा. बसलं की हो!" गृहस्थ मठ्ठा मागवतात.

पुण्यात असे बापू नाना पेठेत भेटतात, मुंबईत कुर्ल्याच्या भंगारात. घरी दिवाणाखाली क्रँकशाफ्ट असते. केर काढताना वहिनी तिला वळसा घालतात.

त्यांचं शास्त्र सरळ आहे. डुक्कर फियाट आजी, १९६४ ची डिलाइट लेक, १९७४ पासूनची पद्मिनी नात. तिघींचं इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. म्हणजे गोत्र एक. माणसांत सगोत्र लग्न वर्ज्य. बापूंच्या गॅरेजात दुसरं चालतच नाही. ११८ एनई गाडीचा विषय काढलात तर ते तोंड फिरवतात. अंग फियाट १२४ चं आणि पोटात निस्सानचं ११७१ सीसी इंजिन! "घरजावई," एवढंच म्हणतात, आणि तिचा एक नटसुद्धा आपल्या डब्यात मिसळू देत नाहीत.

हे शास्त्र पुरतं खोटं असतं तर बापू केव्हाच सुधारले असते. पण बरंच काही खरंच बसतं. नांदत नाही, ती गोष्ट वेगळी. चौसष्टच्या त्या हेडचं दर ओव्हरहॉलला फेसिंग झालेलं; घासून घासून ज्वलनाची जागा आक्रसलेली. ते ब्लॉकवर चढवलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन नॉक मारतं. ब्लॉक कुणीतरी बोअर करून ओव्हरसाइज केलेला, क्रँक ग्राइंड होऊन अंडरसाइज झालेली. बापू मात्र दुकानात ऐटीत 'स्टँडर्ड' पिस्टन आणि 'स्टँडर्ड' बेअरिंग मागतात. डायनामो काढून अल्टरनेटर लावला, तर पुली सूतभर बाहेर. पट्टा वस्तीभर किंचाळतो.

"मायक्रोमीटर लावून बघू का?" मिस्त्री विचारतो.

"कंपनीचा माल आहे रे. मापं काय काढतोस त्याची?"

मिस्त्री गप्प बसतो. एकच काम दोनदा करायचे पैसे दोनदा मिळतात, हे त्याला ठाऊक आहे. (अशा मिस्त्र्यांच्या पोरांची शिक्षणं बापूंनीच केली, असं माझं मत आहे.) एकदाच त्यानं धीर करून सांगितलं, की २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं गेलं, व्हॉल्व्ह सीटना त्याचाच आधार असायचा, तेव्हा हेडला आता कडक धातूच्या सीट घालू. बापू दुखावले. "आजीला कवळी बसवायची?" शेवटी बसवलीच, पण तीही जुन्याच मालातून शोधून.

गंमत म्हणजे हे इंजिन सुरू होतं. पहिला स्टार्टर मारताच धूर येतो, मग खोकला, मग चक्क आयडलिंग. बापू बॉनेटला कान लावून डोळे मिटतात, आणि गाडी तशीच पीयूसी काढायला नेतात.

"काका, गाडी कोणत्या सालची?" मशीनवरचा पोरगा विचारतो.

बापू गंभीरपणे बॉनेट उघडतात. "वरून सांगू की खालून?"