बाटली असली, आतला माल घरचा

१७०८ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात ‘डॅफीज एलिक्झिर’ या इंग्लिश औषधाची जाहिरात आली. अर्ध्या पाइंटाची बाटली साडेचार शिलिंग. दुकान कुणाचं? पुस्तकविक्रेत्या निकोलस बूनचं, दारावर बायबलची पाटी. आत्मा आणि कोठा, दोहोंची सोय एकाच गल्ल्यावर!

तिकडे इंग्लंडात रॉबर्ट टर्लिंग्टनने १७४४ मध्ये आपल्या ‘बाल्सम ऑफ लाइफ’साठी राजाकडून पेटंटच मिळवलं. घटक सत्तावीस, आणि मुतखड्यापासून पोटशुळापर्यंत सगळ्यांवर इलाज एकच. पेटंट म्हणजे रोगी बरा होण्याची हमी नव्हे, ही बारीकशी गोष्ट बाटलीवर छापायला तेवढी जागा नसावी.

नकली मालाने बेजार होऊन टर्लिंग्टनने पुढे बाटलीचा आकारच बदलून घेतला. पण गिऱ्हाईक बाटलीलाच ओळखतं, हे अमेरिकन वसाहतींतल्या दुकानदारांनी केव्हाच हेरलं होतं. विल्यम्सबर्गच्या एका औषधवाल्याने ‘स्टाउटन’ या अशाच एका औषधाच्या बाटल्या घाऊक मागवल्या, त्याही रिकाम्या. भरायला तो समर्थ होता!

घरचा माल उघडपणे विकणारेही होते. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनच्या छापखान्यात शाई आणि कागदाशेजारी त्याच्या भावांनी बनवलेला साबण मिळे. १७३१ मध्ये त्याच्याच वर्तमानपत्रात जाहिरात झळकली: विधवा रीडबाईंचं खरजेवरचं मलम, औंसभर डबीला दोन शिलिंग. उवाही पळतात, वास सुरेख, तान्ह्या बाळालाही चालेल. या रीडबाई म्हणजे संपादकाच्या सासूबाई. जाहिरातीचा दर किती लावला असेल, हे जावयाला विचारायची कुणाची छाती होती?